पुढच्या प्रवाशाची अमानत

कोपरगावचे रेल्वे स्थानक हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील एक बेताचे स्थानक असले, तरी शिर्डीस स्वतःचे स्थानक मिळेपर्यंत, म्हणजे 2009 सालापर्यंत, साईबाबांच्या दर्शनास दूरदेशाहून येणारा पुष्कळसा यात्रेकरू याच फलाटावर उतरत असे. आणि कर्नाटक एक्स्प्रेस किंवा झेलम एक्स्प्रेस येऊन थांबली, की पुढील पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट कापण्यासाठी बाहेर उभ्या असलेल्या ज्या भाड्याच्या गाड्यांकडे तो वळे, त्यांपैकी एका गाडीच्या स्टिअरिंगमागे माझ्या उमेदीचा सारा काळ गेला. पुढे गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, शिर्डीजवळच्या काकडी गावी विमानतळ झाला, समृद्धी महामार्ग कोकमठाणपाशी येऊन भिडला. परंतु या व्यवसायात ज्या एका गोष्टीपायी मी सर्वाधिक श्रम वेचले, ती मात्र प्रारंभापासून आजतागायत एकच राहिली आहे, आणि ती म्हणजे गाडीत सिगारेटचा वास मुरू न देणे.

हा विषय क्षुल्लक आहे असे वाचकास प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. पण भाड्याची गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या इमानाचा विषय असतो. आमच्या गाडीत काय काय सांडत नाही? दर्शनाहून परतणाऱ्या कुटुंबाच्या हातांतील पेढ्यांचा चुरा, हारांतून गळालेल्या झेंडूच्या पाकळ्या, पुडीतून निसटलेली उदी, लहान मुलांचे दूध, घाटातून आलेल्या प्रवाशाची उलटी, आणि पावसाळ्यात चपलांबरोबर आत येणारी आमच्या गोदाकाठची ती चिकट काळी माती. या सर्व गोष्टी पाणी, साबण आणि अर्धा तास यांना शरण जातात. तंबाखूचा धूर तेवढा शरण जात नाही. तो एका प्रवाशाबरोबर गाडीत येतो आणि तो प्रवासी उतरून गेल्यावरही, ज्यांनी त्याला बोलावले नाही अशा पुढच्या प्रवाशांच्या सोबतीस राहतो.

ज्या वस्तादांच्या हाताखाली मी गाडी शिकलो, ते स्वतः विडी ओढीत. संगमनेर आणि सिन्नर ही विड्यांसाठी नावाजलेली गावे आमच्या शेजारचीच, त्यामुळे आमच्या भागात विडीचे कोणाला नवल नव्हते. परंतु वस्तादांचा शिरस्ता मोठा कडक होता. विड्यांचे बंडल ते खिशात किंवा गाडीच्या पुढील कप्प्यात कधीही ठेवीत नसत. घट्ट झाकणाच्या एका पत्र्याच्या डबीत घालून ती डबी डिकीतील हत्यारांच्या पिशवीत असे. ओढायची झाली, तर गाडीपासून चार पावले दूर, वारा गाडीकडून आपल्याकडे येईल अशा बाजूस उभे राहून ते ओढीत. मग चूळ भरीत, हात धुवीत, आणि तरीही लगेच गाडीत न बसता थोडे रेंगाळत, कारण शेवटचा झुरका घेतल्यानंतरही काही वेळ माणसाच्या श्वासातून धुराचे कण बाहेर पडत असतात, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते. मी एकदा त्यांना या सगळ्याचे कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गाडी आपली आहे रे पोरा, पण मागची शीट पुढल्या पार्टीची आहे.” माझ्या व्यवसायाची सारी नीती मी या एका वाक्यावरून घेतली आहे. गाडी ही पुढच्या प्रवाशाची आपल्यापाशी असलेली अमानत होय, आणि अमानतीत खयानत करू नये, हा आपल्या देशाचा जुना दस्तूर आहे.

सिगारेट ओढणारा प्रवासी दुष्ट असतो असे मी मानीत नाही; तो बहुधा खोळंबलेला असतो. रेल्वेत धूम्रपानास मनाई असल्याने रात्रभराचा संयम पाळून तो कोपरगावच्या फलाटावर उतरतो, आणि गाडीचे दार बंद होताच त्याचा हात खिशाकडे जातो. 1 ऑक्टोबर 2017 रोजी काकडीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तर याच प्रकाराचे एक नवे रूप पाहावयास मिळते. विमानात लायटर नेऊ देत नाहीत, त्यामुळे तेथून बाहेर पडणाऱ्या प्रवाशापाशी सिगारेटचे पाकीट असते पण पेटवायला काही नसते, आणि सामान डिकीत ठेवण्यापूर्वीच “दादा, माचिस मिळेल का?” असा प्रश्न कानी येतो. मी काडेपेटी देतो. मात्र ती देताना गाडीचे दार लावून घेतो आणि म्हणतो, “साहेब, इथे सावलीत निवांत होऊ द्या, मी सामान लावतो.” वाहनतळाच्या कडेला, कोणाला उपद्रव होणार नाही अशी जागाही दाखवून देतो. या एका वाक्याने जे काम होते, ते गाडीत चिकटवलेल्या मनाईच्या पाटीने होत नाही, असा माझा अनुभव आहे. कारण पाटी नकार देते आणि वाक्य सोय करून देते.

समृद्धी महामार्गाची गोष्ट थोडी निराळी आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरांचा पट्टा वाहतुकीस खुला झाला, आणि पूर्वी जो प्रवास गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर थांबत थांबत होत असे, तो एका सलग, कुंपणबंद रस्त्यावरून होऊ लागला. तेथे वाटेल तेथे गाडी उभी करण्यास मुभा नाही आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे धूम्रपानाची सवय असलेल्या माणसाची घालमेल वाढते, आणि “काच थोडी खाली करतो, बाहेरच धरतो” असा प्रस्ताव तो मोठ्या अजिजीने मांडतो. या प्रस्तावाचा मी नेहमीच विनयपूर्वक अव्हेर करीत आलो आहे, आणि त्याचे कारण शास्त्रीय आहे.

वेगाने धावणाऱ्या गाडीची एक काच बोटभर उघडली, की पुढच्या खिडकीतून निघालेला धूर बाहेरच्या बाहेर जातो, ही समजूत अर्धीच खरी असते. धुराचा काही भाग ओढला जातो खरा, पण उरलेला भाग मागील आसनाकडे वळतो. आणि मागील काच उघडी असली, तर झटकलेली राख, क्वचित जिवंत ठिणगीसुद्धा, त्याच वाऱ्याबरोबर तेथून आत येते. रेक्झिनच्या सीटवर वाटाण्याएवढे काळे भोक पडलेली गाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय आता आमच्याकडील बऱ्याच गाड्या सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. पंपावर गॅस भरताना सर्व प्रवाशांना खाली उतरवतात, हे यात्रेकरूंनीही पाहिलेले असते. ज्या गाडीच्या पोटात दाबाखाली वायू भरलेला आहे, तिच्यात ठिणगी खेळवणे हा धोका कोणत्याही सुज्ञ माणसाने पत्करू नये.

परंतु ठिणगी विझते आणि राख झाडता येते. खरी अडचण धुराची आहे. सिगारेटचा धूर हा नुसता वायू नसतो. मायक्रॉनपेक्षाही लहान असे डांबरट द्रवाचे असंख्य कण त्यात तरंगत असतात, आणि हे कण ज्या पृष्ठभागास स्पर्श करतात त्याला चिकटून बसतात. गाडीच्या आतील भागाकडे या दृष्टीने पाहावे: छताचे मऊ कापड, सीटांचा स्पंज, दारांच्या आतील अस्तर, पायांखालचा गालिचा, जणू धूर मुरवण्यासाठीच हे सारे रचले आहे. त्यातच एसी आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत असेल, तर तीच धूरमिश्रित हवा थंड, ओल्या कॉइलवरून पुनःपुन्हा जाते आणि आपला अंश तेथे ठेवीत राहते. म्हणूनच कित्येक गाड्यांत बसताना वास येत नाही, पण एसी सुरू करताच पहिला झोत शिळ्या धुराचा येतो. पुढच्या काचेवर आतून पातळसा पिवळट थर धरतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या थरावर फुटतो आणि रस्ता धूसर दिसू लागतो, तेव्हा तर हा केवळ स्वच्छतेचा प्रश्नही उरत नाही.

या थरास उन्हाची मोठी साथ मिळते. शिर्डीच्या वाहनतळावर वैशाखात चार तास उभी राहिलेली बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते, आणि सकाळी गारव्यात निर्गंध वाटलेले कापड दुपारी आपल्यात मुरलेले निकोटिन व इतर द्रव्ये पुन्हा हवेत सोडू लागते. पावसाळ्यात दमट हवेने हेच घडते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी 2010 साली असे प्रसिद्ध केले, की पृष्ठभागावर साचलेल्या निकोटिनाचा हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग होऊन कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. आणि त्यांनी तपासलेल्या जागांत एका धूम्रपान करणाऱ्या चालकाच्या मालमोटारीची केबिनही होती. हे वाचले तेव्हा मला माझ्या व्यवसायबंधूंची तीव्रतेने आठवण झाली. कारण प्रवासी तासा-दोन तासांनी उतरून जातो, चालक मात्र दिवसाचे बारा-बारा तास त्याच आसनावर बसलेला असतो.

धुराचा माग काढणे किती कठीण असते, याचा एक दाखला येथे विस्ताराने देतो. मी एक जुनी गाडी विकत घेतली होती, जिचा पूर्वीचा मालक गाडीत मुक्तपणे सिगारेट ओढीत असे. मी सीटांची कव्हरे उतरवून धुतली, गालिचे काढून उन्हात टाकले, काचा पुसल्या, एसीचा फिल्टर बदलला, आणि मग जी गोष्ट मी प्रत्येक सफाईनंतर करतो ती केली: माझ्या पत्नीस गाडीत नेऊन बसवले. आपल्या स्वतःच्या नाकावर आपण विसंबू नये. रोजच्या वासास नाक सरावते आणि दाखवायचे ते दाखवीत नाही. दारे बंद करून ती क्षणभर डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “अहो, मागच्या डाव्या बाजूला अजून आहे. सीटला नाही, वरून येतोय.” मी छत हुंगले, दाराची अस्तरे हुंगली, काही सापडेना. अखेरीस तिनेच बसल्याबसल्या सीटबेल्ट पुढे ओढला, आणि खांबाच्या आत गुंडाळून राहिलेली त्या पट्ट्याची लांबी बाहेर येताच वास एकदम उसळला. वर्षानुवर्षे तो पट्टा मागील प्रवाशाच्या खांद्याजवळ लोंबत होता, धूर पीत होता, आणि प्रत्येक वेळी आपोआप आत गुंडाळला जाऊन पेटीत दडून बसत होता.

तेव्हापासून पट्टे धुणे हा माझ्याकडील सफाईचा अपरिहार्य भाग झाला. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा आणि तो परत आत जाऊ नये म्हणून खांबापाशी कपडे वाळत घालण्याचा मजबूत चिमटा लावावा. कोमट पाण्यात सौम्य साबण कालवून मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासावा, आडवा घासू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने साबण टिपून घ्यावा आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत चिमटा सोडू नये, कारण ओला पट्टा आत गेला तर धुराच्या जागी बुरशीचा वास येतो. ब्लीचिंगचे पाणी किंवा कोणतेही तीव्र रसायन पट्ट्यास कदापि लावू नये, त्याने धागे दुबळे होतात, आणि हा पट्टा अपघातप्रसंगी प्रवाशाचा प्राण तोलणारा असतो. पहिल्यांदा पट्टे घासले तेव्हा बालदीतील पाण्यास कडक चहाचा रंग आला होता.

इतर भागांसंबंधी थोडक्यात सांगतो. छताच्या कापडास भरपूर पाणी लावण्याचा मोह टाळावा. ते गोंदाने चिकटवलेले असते, भिजले की सुटते आणि झोळीसारखे लोंबू लागते, म्हणून फेस ओंजळीत घेऊन हलक्या हाताने टिपावे. निकोटिन हे अल्कधर्मी असल्यामुळे पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून काचा आणि प्लॅस्टिकचे भाग पुसले, तर थर लवकर सुटतो. सीटांवर व गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. एसीचा फिल्टर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर या बाबतीत व्यर्थ आहे, तो बदलावाच. आणि कॉइल फेसाने साफ करून घेतल्यावाचून बाकीची सारी मेहनत फुकट जाते. सफाईनंतर चारही दारे सताड उघडी टाकून गाडी वाऱ्यावर उभी करणे हे सर्वांत स्वस्त औषध होय. फक्त गळिताच्या हंगामात वाऱ्याची दिशा पाहावी, नाहीतर सिगारेटचा वास जाऊन मळीचा येतो, आणि आमच्या तालुक्यात दोन मोठे साखर कारखाने असल्याने ही खबरदारी कोपरगावकरास घ्यावीच लागते.

सुगंधाने दुर्गंध जातो, हा भ्रम मला आमच्या व्यवसायात सार्वत्रिक आढळला. आरशास टांगलेली अत्तराची कुपी किंवा एसीच्या तोंडाशी अडकवलेला सुवासिक डबा धुराचा कणही हलवीत नाही. तो त्यावर आणखी एक वास चढवतो, आणि त्या दोहोंच्या मिश्रणाने ज्याला गाडी लागते त्या प्रवाशाचे हाल दुप्पट होतात. अगरबत्तीविषयी लिहिताना मन थोडे कचरते, कारण सकाळी गाडीपुढे नारळ-उदबत्ती करून निघणे हा आम्हा चालकांचा श्रद्धेचा भाग आहे. तथापि उदबत्ती हाही धूरच आहे आणि बंद गाडीत तिचाही थर धरतो. म्हणून मी ती बॉनेटजवळ बाहेर ओवाळतो आणि आत बाबांच्या तसबिरीपुढे केवळ ताजे फूल ठेवतो.

धूम्रपानाच्या मनाईस कायद्याचा भक्कम आधार आहे, हे सर्वांनी जाणावे. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणी, सार्वजनिक वाहनांसह, धूम्रपानास बंदीचा आदेश दिला. 2003 च्या कायद्याने ती बंदी विधिवत झाली, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम अंमलात येऊन 200 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. प्रवाशांची वाहतूक करणारे वाहन कायद्यातील सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येत येते. असे असूनही मी प्रवाशास कायदा क्वचितच ऐकवतो. एकदा एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला मोठ्या आपुलकीने विचारले, “अहो, साक्षात बाबा चिलीम ओढीत, भक्तांनाही देत. त्यांच्या दारी जाताना मला का अडवता?” मी म्हणालो, “बाबा ओढीत ते द्वारकामाईत, धुनीपुढे, उघड्यावर; आणि जो येई त्याच्यासाठी तिथे जागा असे. या बंद गाडीत तुमच्यानंतर कोण बसेल हे तुम्हाला-मला माहीत नाही. दम्याचे कोणी असेल, तान्हे बाळ असेल.” ते काही बोलले नाहीत, सावळीविहीर फाट्यावर मी गाडी थांबवली, त्यांनी खाली उतरून आपली सिगारेट ओढली, आणि परतीच्या भाड्यासाठी त्यांनी मलाच सांगून ठेवले.

ज्यांना सिगारेटची पाकिटे बरोबर बाळगावीच लागतात, त्यांच्यासाठी वस्तादांची डबी हाच उत्तम बंदोबस्त आहे. फोडलेले पाकीट पुढच्या कप्प्यात ठेवले, तर उन्हात न पेटवलेल्या तंबाखूचाही वास गाडीभर पसरतो. त्याहून वाईट ते विझवलेले थोटूक. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2020 साली दाखवून दिले, की विझलेले थोटूक पहिल्या चोवीस तासांत, जळत्या सिगारेटमधून निघणाऱ्या निकोटिनाच्या 14 टक्क्यांपर्यंत निकोटिन हवेत सोडू शकते. म्हणून गाडीतील राखदाणीचा उपयोग मी कधी करू दिला नाही. थोटूक रस्त्याकडेला फेकणेही योग्य नाही, कारण त्याची गाळणी एका प्रकारच्या प्लॅस्टिकची असते आणि ती वर्षानुवर्षे कुजत नाही. गोदावरीच्या पुलावरून टाकलेले थोटूक नदीतच राहते. मी डिकीत तळाशी थोडी वाळू घातलेली, फिरकीच्या झाकणाची एक बरणी ठेवतो, प्रवाशापुढे धरतो, आणि घरी गेल्यावर गाडीत न ठेवता कचऱ्यात रिकामी करतो.

धूम्रपानाची सवय असलेल्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे, की भाड्याच्या गाडीत बसल्यावर तलफ आली, तर संकोच न करता चालकास गाडी थांबवायला सांगावे. वाटेत फाटे आहेत, पेट्रोलपंपांच्या बाहेर मोकळ्या जागा आहेत, चहाची दुकाने आहेत, आणि पाच मिनिटे थांबण्याचे पैसे आम्ही कोणी घेत नाही.